जमनामावशीचा लांबलेला अनुभव

जमनामावशीला समजावायला जो कोणी आला, त्याने मिरच्यांचे देठ खुडले. हा तिच्या ओट्याचा नियमच होता. कुणी पंथाची थोरवी गायला येवो, कुणी पुढच्या जन्माची भीती घालायला येवो, मावशी वाळलेल्या मिरच्यांची पाटी त्याच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "बोल भाऊ, मी आयकी ऱ्हायनी. हात मातर रिकामा ठेवू नको." माणूस बोलत राहायचा, खुडत राहायचा आणि तासाभराने लालबुंद डोळे पुसत, नाक ओढत पायऱ्या उतरायचा. गल्लीत लगेच बातमी पसरायची की मावशीने ह्यालाही रडवला. त्या हिवाळ्यात तिच्या घरची झाडून सगळी मिरची गावातल्या उजेडपंथाच्या मंडळींनी साफ करून दिली. पुढे वर्षभर आम्ही जी चटणी खाल्ली, तिच्यात उपदेश किती होता आणि तिखट किती, हे देवच जाणे.

मी तिच्या घरच्या पुढच्या खोलीत राहत होते. राज्य नवं झालं होतं आणि नोकरीत मीही नवी होते. नाशिकहून उचलून मला म्हसावदजवळच्या त्या गावात मुलींच्या वर्गावर टाकलं, तेव्हा 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'नही' म्हणजे 'नाही', यापलीकडे तिथल्या अहिराणीचं एक अक्षर मला कळत नव्हतं. ते मावशीने शिकवलं. म्हणजे शिकवलं असं नाही, ती बोलत राहिली आणि माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता. अंगाने उंच, हातांवर कोपरापर्यंत गोंदण, आणि आवाज असा की तिची कुजबूज तीन घरं ऐकू जायची. तिचे यजमान दिवसभर शेतात असत. घरी आले की बायकोलाही "व्हय" म्हणत आणि बायकोबद्दल तक्रार घेऊन येणाऱ्यालाही "व्हय" म्हणत. सुखी माणूस होता.

मावशीला गोष्ट अर्धी सांगता यायची नाही. विहिरीची वाट विचारली तर विहीर कुणी खोदली, पाणी कधी लागलं, पहिला पोहरा कुणाचा बुडाला, हे सगळं आधी यायचं आणि वाट शेवटी. शिवाय सांगितलेल्यात चूक राहिली तर तिला घास गोड लागत नसे. एकदा तिने मला कुणाच्या तरी लग्नातली घोडी पांढरी होती असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना चालू असताना ती दारात येऊन उभी. मला वाटलं, घरी कुणाला काही झालं. मी धावत गेले, तर मावशी म्हणाली, "बाई, घोडी धवयी नव्हती. जराशी राखाडी व्हती." एवढं सांगून ती शेतात निघून गेली. माझ्या वर्गातल्या मुली महिनाभर मला घोडीचा रंग विचारत होत्या.

अशा बाईला उजेडपंथ आवडला, यात नवल नव्हतं. पंथाने गावातली दारू बंद केली होती, भांडणं कमी केली होती, हे नाकारता येणार नाही. पण बायकांना ओढ होती ती 'अनुभवा'ची. दर गुरुवारी दुपारी मंडळी पंथाच्या मांडवात जमायची, आणि गुरुकृपेचा अनुभव ज्याला आला असेल त्याने उभं राहून सांगायचा. त्याने शेवटी 'उजेड पडो' म्हणेपर्यंत कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. अनुभव मधे तोडला तर सगळ्या गावाला दोष लागतो, असा त्यांचा कडक नियम. ज्या बाईला जन्मात कुणी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, तिला हा नियम मोक्षाहून मोठा वाटला असला पाहिजे. मावशीने गळ्यात पंथाची कंठी घातली आणि दोन वर्षं एकच अनुभव दर महिन्याला सांगितला. तो म्हशीचा अनुभव.

म्हैस अडली होती. पोटातलं वगारू आडवं आलेलं. पंथाचे गावातले कारभारी दगा आप्पा धावत आले, म्हशीच्या कपाळाला गुरूचा अंगारा लावला, आणि घटकाभरात म्हैस मोकळी झाली. माय जगली, वगारू जगलं. ही गोष्ट मावशीच्या तोंडून इतकी रंगायची की तालुक्यात पसरली. कळसाडीहून लोक बैलगाड्या जुंपून त्या म्हशीच्या दर्शनाला येऊ लागले. म्हशीच्या कपाळी सदा कुंकू असे. तिचा स्वभावही बिघडला, नमस्कार न करता कुणी पुढून गेलं की ती शिंग उगारायची.

त्या गोष्टीत एक माणूस गाळलेलं होतं. सातपुड्यातून कापूस वेचायला उतरणारी रायली नावाची एक पावरा आदिवासी बाई त्या दिवशी गोठ्यात होती. तिने कोपरापर्यंत हात आत घालून वगारू फिरवलं होतं. आप्पांचा अंगारा लागला तेव्हा निम्मं काम होऊन गेलं होतं. पण गोष्ट पहिल्यांदा आप्पांनीच सांगितली. त्यांच्या सांगण्यात रायली नव्हती, आणि मग मावशीच्याही सांगण्यात ती राहिली नाही. मावशीकडून आयुष्यात राहिलेली ही एवढीच चूक असेल, पण ती राहिली खरी.

एका गुरुवारी मावशी मांडवात उभी राहून अंगाऱ्याचा महिमा गात होती आणि कुंपणाबाहेर रायली पाणी मागायला आली. दारावरच्या सेवेकऱ्याने तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. पाणी पिता पिता तिने मावशीचं बोलणं ऐकलं.

"ती चिडती ना, तं मले चालतं," मावशी मला म्हणाली होती. "पन ती हासनी, बाई. मन्हाकडे देखीसन हासनी."

त्या दिवसापासून मावशी गुरुवारी मांडवात जाईना. लोकांना बोलावून सांगू लागली, की म्हैस रायलीने मोकळी केली. तिचा हट्ट एवढाच, की जिथं उभी राहून आपण रायलीला गाळलं, तिथंच उभं राहून एकदा तिचं नाव घेऊ द्या, आणि तेवढंच आप्पा घेऊ देईनात. बाकी पंथाशी तिचं भांडण नव्हतं. पंथाचं मात्र तिच्याशी जुंपलं.

आधी सगळे हसले. दगा आप्पा धर्माचं बोलताना पुस्तकी मराठी बोलत आणि रागावले की अहिराणीवर येत. तेव्हा ते अजून पुस्तकी होते. "मावशींची साधना कच्ची राहिली," ते म्हणाले, "त्यांना प्रेमाने समजावू." मग ते मिरच्यांचं पर्व झालं. प्रेमाने समजावणारे डोळे पुसत परत आले तेव्हा आप्पांनी दुसरी युक्ती काढली. प्रवचनात ते म्हशीची गोष्ट सांगत, पण नाव न घेता. "एका गावी एक माता होती," अशी सुरुवात. मावशी मांडवाबाहेर येऊन उभी राहायची. अनुभव तोडायचा नसतो, पण प्रवचनाला तो नियम नव्हता.

"एक गाव कसाले, हाईच गाव," ती बाहेरून सांगायची. "माता कोन, मी. आनि म्हैसनं तिसरं वेत व्हतं, पहिलं नही."

लोक फिसकन हसत. आप्पा पाणी मागत.

मग जाहीर झालं की जमनाबाई कधी पंथात नव्हतीच. पण म्हैस तर तिच्या गोठ्यात होती आणि दर्शनाला लोक तिथंच यायचे. मावशी त्यांना आधी चहा द्यायची, मग म्हणायची, "पाया पडतस तं पडा. पन म्हैस मोकयी करी ती रायलीनी, हाई आयकीसन पडा." कळसाडीची माणसं गोंधळायची. काही जण दोघींच्या नावाने दोनदा नमस्कार करून मोकळे व्हायचे. हे आप्पांच्या कानावर गेलं आणि त्यांच्या हातून ती मोठी चूक झाली. त्यांनी सांगितलं, की ती म्हैस ती नव्हेच. खरी म्हैस आमच्या गोठ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या गोठ्यात एक म्हैस कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून उभी. गाव बघायला लोटलं. मीही गेले, शाळेला मधली सुट्टी जरा लवकर देऊन. आता माणसाबद्दल काहीही सांगितलं तरी त्या गावात खपलं असतं. पण ते शेतकऱ्यांचं गाव, तिथल्या लेकराला गावातली एकूण एक म्हैस शिंगांवरून ओळखू यायची. एक म्हातारे पाटील पुढे झाले, त्यांनी म्हशीची कास पाहिली, शेपटी उचलून पाहिली आणि अतिशय आदराने म्हणाले, "आप्पा, हाई म्हैस तं आजून व्यायनीच नही."

"तुले काय करनं शे?" आप्पा ओरडले. "म्हैस मन्ही, मले माहीत."

आप्पांची पुस्तकी मराठी त्या दिवशी सुटली. मी इतकी हसले की गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिले, आणि माझ्या शेजारी पंथाचेच दोन सेवेकरी तोंडात उपरणं कोंबून थरथरत होते. मावशी मात्र हसली नाही. ती त्या म्हशीजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ईना काय दोष?" एवढंच. तिला थट्टा नको होती, तिला फक्त एक वाक्य दुरुस्त करायचं होतं. हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं, मी मजेत होते.

शेवटचा उपाय बहिष्काराचा. मावशीशी बोलायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. कंठीही परत मागितली, पण कंठी परत करायची ती पंथप्रमुख महाराजांच्याच हातात, आणि महाराज यायचे वर्षातून एकदा, माघातल्या उत्सवाला. त्यामुळे मावशी पंथाबाहेर आणि कंठी गळ्यात, अशी सोय झाली. बहिष्कार माघापर्यंत नीट चालला. मग अडला तो मांड्यांवर.

खानदेशात पुरणाचे मांडे उलट्या खापरावर भाजतात. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवायचा, धोतरासारखा पातळ करायचा आणि न फाटता खापरावर टाकायचा. पंचक्रोशीत मावशीसारखा हात कुणाचा नव्हता. महाराज वर्षभर एकभुक्त राहत, पण मावशीच्या मांड्यांपुढे त्यांचं व्रत सैल पडायचं. त्यांनी निरोप धाडला, मांडे मागच्या वर्षीसारखे असावेत.

दगा आप्पा आमच्या ओट्यावर आले. मावशीशी बोलायचं नव्हतं, म्हणून तिच्यापासून दोन हातांवर उभे राहून ते माझ्याशी बोलले.

"बाई, त्यांना सांगा, महाराजांचा नैवेद्य करायचा आहे."

"बाई, त्यासले ईचार, पुरन वाटाले कोन येई?" मावशी म्हणाली.

"बाई, सांगा, चार बायका देतो."

"बाई, म्हना, दोन पुरे. चारजनी बोलत बठतीस."

मी मान इकडून तिकडे फिरवत राहिले. तोंड उघडायची मला गरजच पडली नाही. आप्पा पाच मिनिटांत समाधानाने परत गेले. मावशीने काहीच अट घातली नाही याचं त्यांना बरं वाटलं. मला मात्र शंका आली होती, कारण मावशी गुणगुणत होती.

उत्सवाच्या दिवशी सकाळपासून मांडवामागे खापरं तापली. मावशीने मांड्यांची चळत रचली. दुपारी मंडळी बसली, महाराज आसनावर आले. म्हातारे, गोड चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांच्यापुढे नैवेद्याचं ताट मांडलं, वर पातळ तुपाची धार. आप्पांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला अनुभव सांगायचा आहे का?" तीन जण आधीच ठरलेले होते. त्यातला पहिला उठायच्या आत मावशी आली. हातांवर कोपरापर्यंत कणीक वाळलेली.

"पंथातल्यांनीच बोलायचं असतं," आप्पा म्हणाले. मावशीने पदराखालून कंठी बाहेर काढून दाखवली. आप्पांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बोल माउली. थोडक्यात बोल."

मावशीला थोडक्यात बोला म्हणणारा माणूस परगावचाच असणार.

तिने सुरुवात म्हैस विकत घेतली तिथपासून केली. तळोद्याच्या बाजारात ती कुणाकडून घेतली, तो माणूस तंबाखू कुठला खायचा, येताना वाटेत म्हैस कुठं कुठं बसली. अर्धा तास झाला तरी म्हैस गावात पोचली नव्हती. मग पहिलं वेत, दुसरं वेत, तिच्या खोडी. मिरच्यांचे देठ, कोण किती रडलं, नावांसकट. न व्यालेली म्हैस. माना खाली घालून बायका हसत होत्या, पुरुष छताकडे बघत होते. एका सेवेकऱ्याने उठायला मांडी मोडली आणि नियम आठवून पुन्हा घातली. ताटातलं तूप थिजलं. महाराज आधी कष्टी होते, पण मिरच्यांपाशी तेही हसले, मग पोट धरून हसले. आप्पा एकटे दगडासारखे बसले होते. मला त्यांची दया आली, पण हसू थांबेना.

मग मावशीचा आवाज खाली आला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"वगारू आडवं व्हतं. मी रडी ऱ्हायंती. रायली उनी, तिनी आठलगून हात घाला," तिने आपल्या कणकेच्या कोपरावर बोट ठेवलं, "आनि म्हैस मोकयी करी. अंगारानी नही. रायलीनी. मी आठे उभी ऱ्हाईसन दोन साल खोटं सांगं. उजेड पडो."

कुंपणाबाहेर कापूस वेचणाऱ्या बायका उरलंसुरलं मिळेल म्हणून बसल्या होत्या, त्यांत रायली होती. तिच्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या. महाराजांनी क्षणभर डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, "किती भाग्याची तू. गुरुमाउलीच त्या बाईचं रूप घेऊन आली होती."

मांडवातून एकच जयजयकार उठला. आप्पांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. वर्षभराची धडपड, आणि एका वाक्यात रायली पुन्हा नाहीशी झाली. मावशी तोंड उघडं ठेवून उभी होती.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून आवाज आला, "मी गुरू व्हती?"

रायली उठून उभी राहिली होती. ती पंथात नव्हती, तिला कुठलाच नियम लागत नव्हता.

"मी गुरू व्हती, तं मंग त्या दिनले मी भाकर मांगी, ती काबर नही दिधी?"

लोक पुन्हा हसू लागले. महाराजांनी विचारलं, "कुणी दिली नाही?"

रायलीने हनुवटीने मावशीकडे दाखवलं. "ईनी. म्हने आज पंथना उपास शे, चुल्हा बंद शे. आनि म्हने, घरमातून जाऊ नको, गोठाना दारतून जाय."

हसणं हळूहळू विरलं. रायली रागावली नव्हती. तिने खरंच विचारलं होतं. आता मावशी काय करते हे सगळा गाव बघत होता. आप्पा तर गुडघ्यांवर उठून बसले होते, मी बोलू का, असा चेहरा करून. मावशी कुणाकडेही न बघता उभी राहिली. कोपरावरची वाळलेली कणीक ती नखाने खरवडत होती.

"खरं शे," ती म्हणाली. "मन्हा ध्यानमाच नव्हतं. सालभर मी समदासले म्हनत फिरनी, रायलीले इसरनात, रायलीले इसरनात. भाकर तं मीच इसरनी."

तिने गळ्यातली कंठी काढली आणि महाराजांच्या हातात ठेवली. महाराजांनी ती आसनावर ठेवली. बोलायला सुचलं असतं, तसे ते हुशार होते, पण त्यांनी ते टाळलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मावशी कुंपणाशी गेली.

"चाल," ती रायलीला म्हणाली.

"मांडा नको मले. गार व्हई गयात."

"मांडा कोन दी ऱ्हायनं? भाकर करस."

मांडवात पंगत बसली. भुकेने सगळे इतके कासावीस झाले होते की मागे वळून कुणी पाहिलं नाही. मी त्या दोघींच्या मागून निघाले, कारण खरं सांगायचं तर मला राहवलं नसतं. उन्हं कलली होती.

त्यानंतर मी तिच्या घरी चार महिने राहिले, मग बदली झाली. त्या चार महिन्यांतली मावशी मला फारशी आठवत नाही. आठवते ती त्या दुपारची. घर आलं तशी रायली सवयीने गोठ्याकडे वळली. मावशीने तिचं मनगट धरलं आणि तिला पुढच्या दाराशी आणलं. रायली उंबऱ्यापाशी अडून राहिली.

"पाय भरेल शेतस," ती म्हणाली.

"मन्हा बी भरेल शेतस," मावशी म्हणाली.

मी दोन वर्षं त्याच दारातून येत-जात होते. त्या दोन वर्षांत रायली कापसाच्या दोन्ही हंगामांत घरी आली असणार, पण ती कुठून येते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मावशीला मी फार हसत होते, गावालाही हसत होते, आणि हे एवढं मला दिसलं नव्हतं. मी ओट्याखाली थांबले. त्या दोघी आधी आत गेल्या.